समतुल्य व्यवस्था

आडनाव टिपणीस, तेव्हा टिपून घेणं आलंच.
नॉर्थ शील्ड्सच्या धक्क्यावर, मंगळवारी, ओहोटीला,
'हार्टली लास'च्या सुकाणूखोलीत मी वाकून शिरले.
डिझेल, ओलं लाकूड, खेकड्यांच्या सापळ्यांचा वास.
दोन माणसं मावतात, तीही आळीपाळीनं श्वास घेतील तर.

फायलीत जुनं सूटपत्र होतं.
नियमानं बोटीवर जागल्या हवा,
म्हणजे भिंतीवरचं ते यंत्र
जे दर बारा मिनिटांनी विचारतं, जागा आहेस ना?
बटण दाबलं नाही तर आधी दिवा, मग भोंगा,
मग खाली झोपलेला भाचा धडपडत वर येईल असा आकांत.
विल्फ स्टॉब्सला ते माफ होतं.
सत्तावीस वर्षं.

सूट म्हटलं की मला अजून
कापडदुकानाबाहेरचा फलक दिसतो, आषाढातला.
इथं सूट मागायला कारण लागतं
आणि कारणाखाली एक चौकट असते:
नियमाऐवजी आपण काय कराल?
त्या चौकटीत त्यानं निळ्या शाईनं लिहिलं होतं
'डॉरीन.'
आणि खाली, कुणी दटावल्यावर लिहावं तसं,
'बायको. दर पंधरा मिनिटांनी वायरलेसवर हाक मारते. रात्रभर.'
माझ्या आधीच्या कुणा साहेबानं,
देव त्याचं भलं करो,
शेजारी टाइप केलं होतं: समतुल्य व्यवस्था. मान्य.
व्यवस्थेत बदल झाल्यास कळवावे.

कळवलं नव्हतं.
मला कळलं ते टेकाडावरच्या खिडकीवरून.
वर एरियल तसंच, पडदे ओढलेले, भर दुपारी.
विचारलं तर तो दोर गुंडाळत राहिला.
'फेब्रुवारीत,' म्हणाला. बऱ्याच वेळानं,
'तुझी नोकरी आहे, पेट. लिही तू.'
इथले म्हातारे कुठल्याही बाईला पेट म्हणतात.
मी लिहिलं.

नवं यंत्र खोक्यातून आलं, दाखल्यांसकट.
उष्णता, कंप, खारा फवारा, सगळ्यांतून पास.
एका मीटरवर पंचाहत्तर डेसिबल.
पाठीवर मान्यतेचा शिक्का, धुऊन न जाणारा.

डॉरीनचा आवाज कुणी मोजला नव्हता.
सर्दीत बसायचा, म्हणे.
कधी नुसतं 'काय रे' म्हणायची,
कधी दूधवाल्याचे पैसे दिलेस का, हे विचारायची,
तेही पहाटे तीनला, भर समुद्रात.
एकदा जोराचं भांडण झालं, त्या रात्री
फक्त बोटीचं नाव घेत राहिली, उजाडेपर्यंत.
एक पाळी चुकवली नाही.
हे सांगताना तो हसला
आणि यंत्राचा स्क्रू विनाकारण पुन्हा आवळला.

मीही एकदा डुलकी घेतलीय, थर्ड ऑफिसर असताना,
पहाटेच्या पाळीत, परातीतल्या पाण्यासारख्या समुद्रावर.
अकरा मिनिटं की वीस, कोण जाणे.
काही झालं नाही, म्हणून ते कुठल्या फायलीत नाही.
इथं पहिल्यांदा टिपतेय.

मग चाचणी. दोघं उभे, न बोलता.
नळकांड्यांवर सीगलची कटकट.
बाराव्या मिनिटाला दिवा लागला.
त्यानं बटण दाबलं, सावकाश,
परक्या घराची बेल वाजवावी तसं.
'लवकर विचारतं हे,' म्हणाला.
'तीन मिनिटं लवकर.'

मी म्हटलं, बारापेक्षा जास्त ठेवता येत नाही.
जुन्या पत्रावर रद्द असा शिक्का मारला,
नव्यावर सही केली, तारीख घातली.
'शेरा' मध्ये काहीच सुचलं नाही, तिथं रेघ मारली.

ओहोटीत शिडी लांब होते.
गोगलगायी चिकटलेल्या लोखंडी पायऱ्या चढून
वरून खाली पाहिलं.
बटण केव्हाच दाबून झालं होतं,
हिरवा दिवा समाधानी होता,
आणि त्याचा हात
वायरलेसच्या मुठीवर तसाच,
पंधराव्या मिनिटाची वाट पाहत.